अतिदक्षतेचा हिशेब

अतिदक्षता विभाग म्हटले की डोळ्यांपुढे यंत्रे उभी राहतात. वस्तुतः या विभागाचा जन्म यंत्रांच्या टंचाईतून झाला. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण शेकडो आणि श्वसनयंत्रे मूठभर. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वासनलिकेस छेद देऊन नळी बसविली व तिला जोडलेली रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरण्याचा मार्ग काढला. सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस ती पिशवी दाबीत बसले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले.

आज श्वास यंत्र देते. परंतु नळीतील कफ काढणे, दर दोन तासांनी कूस पालटणे, तासातासाला लघवी मोजणे, रक्तदाब पाहून औषधाचा वेग बदलणे ही कामे परिचारिकाच करते. श्वसनयंत्रावरील एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, असे शास्त्र सांगते. यंत्राचे उद्घाटन करता येते. रात्रपाळीच्या परिचारिकेचे कोण करणार? म्हणून यंत्रे येतात आणि पदे रिक्त राहतात.

घणसोलीपासून कळवा दूर नाही. तेथील ठाणे महापालिकेच्या पाचशे खाटांच्या रुग्णालयात ऑगस्ट २०२३ मध्ये चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावले. ठाण्याचे जिल्हा रुग्णालय नव्या बांधकामासाठी हलविले गेल्याने कळव्यावरील भार वाढलेला होता. काही रुग्ण खासगी रुग्णालयांतून अत्यवस्थ स्थितीत आणले गेले, असे प्रशासनाने सांगितले. या विधानात दोषमुक्तीपेक्षा दोषारोपच अधिक आहे. बाजाराचे शास्त्र गृहीत धरते की ग्राहक भाव पाहून निवड करतो. येथे ग्राहक बेशुद्ध असतो, नातेवाईक दाराबाहेर बसलेले असतात, आणि खाटेचे भाडे दिवसागणिक चढत जाते. पैसा संपतो त्या दिवशी रुग्ण हलविला जातो. म्हणजे हलविण्यास सर्वांत अयोग्य अशा घटकेस.

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी पंचाण्णव गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. घणसोली त्यांपैकी एक. ज्यांच्या भातशेतीवर शहर उभे राहिले, त्यांना त्या शहरातील खाट मागताना संकोच वाटण्याचे कारण नाही. तातडीचे उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा भंग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधील खेतमजुराच्या प्रकरणात सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवावयाच्या आहेत. तातडीच्या वेळी अनामत रक्कम न मागता दाखल करून घ्यावयाचे, हेही त्यात आहे. तहसीलदाराचा दाखला नंतर आणता येतो. श्वास नंतर आणता येत नाही.

महापालिकेच्या रुग्णालयांबाबत मागणी साधी हवी. अतिदक्षता विभागात आज किती खाटा चालू आहेत आणि रात्रीच्या पाळीत किती परिचारिका हजर आहेत, हे दोन आकडे रोज दारावरील फळ्यावर लिहिले जावेत. त्यास खडूखेरीज खर्च नाही.