बी कुठलं आणायचं?



आपल्यातले काहीजण हिवाळ्यात इथे अल्बनीला ओढ्याकाठी झाडं लावायला जातात. लावायची रोपं याच परिसरातल्या झाडांच्या बियांपासून वाढवलेली असावीत, असा न्यूझीलंडमध्ये आग्रह असतो. त्याला 'इको-सोर्सिंग' म्हणतात. गेल्या खेपेला परतताना एक मित्र म्हणाला, "बघ, झाडांनासुद्धा आपलंच रक्त आणि आपलीच माती लागते. आपण मात्र उपरे." म्हणाला हसत, पण मला ते लागलं. म्हणून आजचा विषय.

आग्रहामागे शास्त्र आहे, हे आधी मान्य करू. 1970च्या दशकात अनेक देशांत सागाच्या चाचणी-लागवडी झाल्या. आपल्या पश्चिम किनाऱ्याकडच्या ओल्या जंगलांतलं बी आणि देशाच्या कोरड्या अंतर्भागातलं बी शेजारी शेजारी लावलं, तर वाढीत फरक दिसला. साग तोच, पण पाऊस वेगळा. युरोपातला स्कॉट्स पाइन तर दिवसाची लांबी ओळखतो. उत्तरेकडचं बी दक्षिणेत नेलं तर झाड वेळेआधीच वाढ थांबवतं. दक्षिणेचं बी उत्तरेत नेलं तर ते वाढतच राहतं आणि शरदातल्या हिमाच्या तडाख्यात सापडतं.

पण स्वीडनच्या ओलोफ लांगलेट यांनी 1936 साली याच पाइनबद्दल जे दाखवलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हे गुण अक्षांशागणिक हळूहळू बदलत जातात. ही जात इथे संपली, ती तिथे सुरू झाली, अशी रेघ मारता येत नाही.

येईल कशी? पाइनचा पराग वाऱ्यावर कित्येक किलोमीटर जातो. संकर सतत चालूच असतो. एकाच रानातल्या दोन झाडांत जितका जनुकीय फरक सापडतो, तितका बहुतेकदा दोन रानांच्या सरासरीत नसतो. तरीही झाडं त्या त्या हवेला जुळतात, कारण हजारो रोपं उगवतात आणि बहुतेक मरतात. जगतात ती तिथल्या थंडीला, दुष्काळाला पुरून उरलेली. म्हणजे जुळवून घेणं घडतं ते सरमिसळीतून आणि निवडीतून. 'शुद्ध बीज' ही कल्पना आपल्याकडे जातीने पोसली, जंगलाने नव्हे.

इथलंच उदाहरण घ्या. न्यूझीलंडच्या लागवडीच्या जंगलांत सुमारे 90 टक्के झाडं रेडिएटा पाइनची. ती कॅलिफोर्नियाची, मुख्यतः मॉन्टेरे आणि आन्यो नुएव्हो या दोन ठिकाणच्या बियांची. दीडशे वर्षांत, काही निसर्गाने तर काही माणसाने केलेल्या निवडीने, त्यांचा इथला म्हणावा असा वाण तयार झाला. उलट अस्सल इथली कौरी नैसर्गिकरीत्या साधारण 38 अंश दक्षिणेपर्यंतच सापडते, पण लावली तर थंड डुनेडिनमध्येही जगते. झाड आज जिथे आहे, तेवढीच त्याची कुवत असं धरून चालत नाही.

एकोणिसाव्या शतकात लुकास क्रीकमार्गे इथलं कौरीचं लाकूड गेलं. उरलेल्या कौरीला आता मुळं कुजवणारा फायटोफ्थोरा ग्रासतो आहे, आणि त्यावर उपाय नाही. तग धरणारी झाडं शोधायची तर वैविध्यच हवं. कौरी हजार वर्षं जगू शकते. आज लावलेलं रोप 2100च्या हवेत जेमतेम तरुण असेल, आणि ती हवा आजची नसेल.

म्हणून माझं मत असं: स्थानिक बी जरूर घ्या, पण एकाच झाडाखालचं नको, अनेक झाडांचं घ्या. नॉर्थलंडसारख्या उबदार भागातलं थोडं बी मिसळायलाही माझी हरकत नाही. अपवाद कौरीच्या रोपांचा. ती मात्र इकडून तिकडे नेऊ नका, कारण कुंडीतल्या मातीबरोबर रोग जातो. आणि पुढच्या लागवडीला याल तेव्हा बूट घरूनच स्वच्छ घासून या.