प्रमाणपत्राचे तास आणि शुश्रूषेचे तास

(परिचारिकांच्या एका अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा, वक्त्यांनी स्वतः तपासून दिलेला मजकूर.)



परिचर्याशास्त्राचा मी अभ्यासक नाही. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले, आणि निवृत्तीनंतर आजारपणाच्या निमित्ताने रुग्णालयांशी जो परिचय घडतो तो घडला. तरीही संयोजकांनी 'निरंतर शिक्षण देणाऱ्या संस्थांच्या मान्यतेचे नियम' हा विषय माझ्याकडे सोपविला, याचे कारण उघड आहे. ज्ञान कोणी द्यावे, त्याचे मोल कोणी ठरवावे आणि ते कोणाच्या खिशातून यावे हा प्रश्न अंतिमतः अर्थशास्त्राचाच आहे.

परिस्थिती आपणास ठाऊक आहे. भारतीय परिचर्या परिषदेने घालून दिलेल्या प्रमाणानुसार नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी व्हावयाचे, आणि त्यासाठी त्या पाच वर्षांत १५० तासांचे निरंतर शिक्षण दाखवावयाचे. म्हणजे वर्षाला ३० तास. हे तास कोठेही बसून भरत नाहीत. ज्या वर्गाला राज्य परिषदेची मान्यता आहे त्याचेच मोजले जातात. मान्यतेचा शिक्का असा हा मधला दरवाजा आहे, आणि दरवाजा आला की दारवान आला, दारवान आला की त्याची मर्जी आली.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्यातले काही मित्र म्हणतात की ही सक्तीच रद्द करा. मला ते मान्य नाही. वीस वर्षांपूर्वी शिकलेल्या परिचारिकेला २०२० साली एका रात्रीत उच्च दाबाच्या प्राणवायूची यंत्रे हाताळावी लागली, रुग्णाला पालथे निजवून त्याचा श्वास सांभाळावा लागला. ज्ञान शिळे होते. आणि ते शिळे झाल्याची किंमत परिचारिका देत नाही, खाटेवरचा माणूस देतो. सरकारी रुग्णालयात खाटेवरचा माणूस कोण असतो हे या सभेत सांगण्याची गरज नाही. तेव्हा शिक्षण हवेच. प्रश्न एवढाच की आज जे मोजले जाते ते शिक्षण आहे काय?

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी अशाच एका वर्गात आरोग्याच्या अर्थकारणावर बोलावयास मला बोलाविले होते. संस्थेचे नाव घेत नाही, त्यात काही हशील नाही. सभागृहात दीडशेच्या आसपास भगिनी होत्या. त्यांतल्या कित्येक रात्रपाळी संपवून थेट आलेल्या. प्रत्येकीच्या हातात एका औषध कंपनीची पिशवी. माझे भाषण दुपारी होते; प्रमाणपत्रांचे वाटप सकाळच्या चहाबरोबरच उरकले गेले होते. दुपारी मी उभा राहिलो तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि उरलेल्यांपैकी निम्म्यांवर माणसे झोपलेली होती. त्यांच्या झोपेचा मला यत्किंचितही राग आला नाही. खरे तर त्या सभागृहात परिचर्येच्या दृष्टीने उचित असे काही घडत असेल तर ती झोपच. (माझ्या भाषणाचा दोषही त्यात असेल, अध्यापकाने ही शक्यता नेहमी गृहीत धरावी.)

हसू नका, आम्हा प्राध्यापकांनीही हेच केले आहे. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर, १९८७ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांसाठी प्रशिक्षण केंद्रे काढली आणि पुढे उजळणी वर्ग पदोन्नतीला जोडले. हेतू उत्तम होता. मीही तीन-तीन आठवडे अशा वर्गांत बसलो आहे. काही वर्गांनी मला नवे वाचावयास लावले हे कृतज्ञतेने सांगतो. परंतु बाकावर बसणाऱ्या बहुतेकांच्या मनात पुस्तक नव्हते, वेतनश्रेणी होती.

असे का होते? १९७० साली जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजारावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. विकणाऱ्याला मोटारीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात; म्हणून वाईट माल चांगल्याला बाजारातून हुसकावून लावतो. मान्यतेच्या नियमांचे समर्थन बहुधा याच तर्काने केले जाते: गिऱ्हाइकाला मालाची पारख नाही, म्हणून परिषदेने शिक्का मारावा. परंतु आपल्या बाजारात गंमत वेगळीच आहे. येथे गिऱ्हाइकाला सारे ठाऊक आहे! वर्ग पोकळ आहे हे परिचारिकेला पहिल्या पंधरा मिनिटांतच कळते. पण तिला वर्ग नको आहे, कागद हवा आहे; आणि संस्थेलाही वर्ग विकायचा नाही, कागद विकायचा आहे. दोघेही तृप्त. तक्रार करावी असा एकच पक्ष उरतो, तो रुग्ण. आणि तो या व्यवहारात हजरच नसतो. ज्या सौद्यात दोन्ही बाजू संतुष्ट असतात त्यावर लक्ष ठेवणे नियामकाला सर्वांत कठीण जाते. त्यातून मान्यता देणाऱ्याचे उत्पन्नच मान्यतेच्या शुल्कावर अवलंबून असेल, तर अधिक वर्ग म्हणजे अधिक उत्पन्न, आणि नकार म्हणजे तोटा. तिथे कोणी व्यक्ती भ्रष्ट असण्याची जरुरी नाही, रचनाच ते काम करते.

परदेशांत काय आहे? अमेरिकेत परवान्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, सर्व राज्यांत सक्तीही नाही. कॅलिफोर्नियात दोन वर्षांत ३० तास लागतात. शिक्षण देणाऱ्या संस्थेला राज्य मंडळाची मान्यता घ्यावी लागते आणि हजेरीच्या नोंदी चार वर्षे जपाव्या लागतात. याखेरीज अमेरिकन परिचारिका संघटनेशी संलग्न असलेले एक प्रमाणन केंद्र देशभरातील संस्थांना मान्यता देते. त्याच्या नियमांतील दोन गोष्टी आपण ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की कोणत्याही कार्यक्रमाच्या आखणीत पदवीधर नोंदणीकृत परिचारिका प्रमुख म्हणून असलीच पाहिजे. डॉक्टरांनी ठरवावे आणि परिचारिकांनी ऐकावे असे चालत नाही. दुसरी गोष्ट पैशाची. रुग्णांसाठी वापरली जाणारी औषधे वा उपकरणे बनविणे किंवा विकणे हाच ज्यांचा मुख्य धंदा, अशा कंपन्यांना मान्यताच मिळत नाही. त्यांनी अनुदान दिले तरी विषय, वक्ता आणि मजकूर यांवर त्यांचा अधिकार चालत नाही; वक्त्यांचे आर्थिक संबंध श्रोत्यांना आधी सांगावे लागतात. १ जानेवारी २०२२ पासून ही मानके वैद्यक आणि परिचर्या या दोन्ही क्षेत्रांतील निरंतर शिक्षणाला समान लागू झाली. भांडवलशाहीच्या माहेरघरी जे कुंपण घालावेसे वाटले, ते आपल्या तालुक्याच्या सभागृहात मला दिसले नाही. तिथे पिशवी दिसली.

पण अमेरिकेची वाट हीच एक वाट नव्हे. ब्रिटनने निराळा विचार केला आहे. एप्रिल २०१६ पासून तेथील परिचारिकेला दर तीन वर्षांनी ३५ तासांचे शिक्षण दाखवावे लागते, त्यांतले २० तास इतरांच्या सहभागाने झालेले असावे लागतात. परंतु ते शिक्षण अमुकच मान्यताप्राप्त संस्थेत घ्या असे तेथील परिषद सांगत नाही. त्याऐवजी ती विचारते की तू काय शिकलीस आणि तुझ्या कामात काय बदलले, ते पाच टिपणांत लिही, आणि त्यावर दुसऱ्या नोंदणीकृत परिचारिकेशी बसून चर्चा कर. शिक्का संस्थेवर न मारता विचारणा शिकणारीला, तीही तिच्या बरोबरीच्या व्यक्तीकडून. यातही टिपणे नकलून काढणारे निघतीलच, माणूस सर्वत्र सारखाच. तथापि यात विकावयाचा कागदच उरत नाही, हा मला मोठा गुण वाटतो.

आता आपल्याकडचा सर्वांत अवघड प्रश्न: वेळ कोणाचा? वर्षाचे ३० तास म्हणजे सहा तासांचा एक दिवस धरला तर पाच दिवस. पाच वर्षांचे पंचवीस दिवस. महिन्याचे कामाचे दिवस सव्वीस धरा. म्हणजे बिनपगारी रजा टाकून वर्गाला जाणारी भगिनी पाच वर्षांत जवळजवळ एका महिन्याचा पगार या कागदासाठी मोजते. प्रवासखर्च आणि वर्गाचे शुल्क वेगळे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून नेमलेल्या केंद्रीय समितीने पन्नासहून कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही परिचारिकेचे मासिक वेतन २०,००० रुपयांखाली नसावे अशी शिफारस केली होती. ती शिफारस आपापल्या रुग्णालयात किती पाळली जाते हे आपणच मला सांगावे. शिकलेल्या परिचारिकेचा लाभ रुग्णालयाला, रुग्णाला आणि समाजाला, आणि खर्च मात्र त्या साखळीतल्या सर्वांत कमी मिळकतीच्या व्यक्तीला, हा हिशेब कोणत्या नीतीत बसतो? शिकण्याचा तास हा कामाचा तास धरला पाहिजे. मान्यतेच्या नियमांत ही अट पहिली हवी: ज्या वर्गाला बसलेल्या परिचारिकांची त्या दिवसाची हजेरी व पगार मालकाने भरलेला नाही, त्या वर्गाला मान्यता नाही. एवढ्या एका अटीने निम्मे पोकळ वर्ग बंद पडतील असे मला वाटते, कारण मालक पैसे मोजू लागला की वर्गात काय शिकवितात याची चौकशी करू लागतो.

आणि वर्ग कोठे भरावा? ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागून दहा अर्भके दगावली. चौकशी झाली, कारवाई झाली, आणि कारवाई झालेल्यांत परिचारिकाही होत्या. दोष कोणाचा किती यात मी शिरत नाही. पण अशा प्रसंगी काय करावे, कोणते बाळ कोणत्या दाराने बाहेर न्यावे, वीज कोठून तोडावी, हे शहरातल्या हॉटेलात पडद्यावर चित्रे दाखवून शिकविता येत नाही. ते त्याच कक्षात, त्याच दारापाशी, रात्रपाळीच्या त्याच माणसांनी करून पाहावे लागते. अशी तालीम परिसेविकेने वॉर्डात घेतली, अनुभवी अधिपरिचारिकेने नव्या मुलींना शिरेतून द्यावयाच्या औषधांचा हिशेब तासभर शिकविला, तर ते तास मोजले जावेत. जिल्हा रुग्णालय आणि शासकीय परिचर्या महाविद्यालय यांनाच शिक्षणदात्या संस्था म्हणून उभे करावे. खाजगी संस्थांना मज्जाव नको, पण त्या पूरक असाव्यात. मान्यतेची तपासणी कागदावर न करता न कळविता वर्गात जाऊन करावी, आणि तपासणाऱ्यांत खाटेपाशी काम करणारी परिचारिका असावी.

येथे एक चिंतेची गोष्ट. १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाने राज्य परिषदेत परिचारिकांनी निवडून दिलेल्या सदस्यांना स्थान दिले. निवडणुका कशा झाल्या, केव्हा झाल्या, हा आपल्या अनुभवाचा भाग आहे. पण तत्त्व मोलाचे होते. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा संमत केला, तो १९४७ च्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी. त्यात शिक्षण, मूल्यांकन आणि नीती व नोंदणी अशी मंडळे आहेत. रचना अधिक नेटकी असेल, पण तिचा कल निवडणुकीकडून नियुक्तीकडे आहे. मान्यतेचे नियम लिहिणारे हात नियुक्तांचे असतील, तर नूतनीकरणाच्या रांगेत उभ्या असलेल्या भगिनीचा आवाज त्या टेबलापर्यंत पोचविण्याचे काम संघटनेलाच करावे लागेल. आजवर आपल्या संघटना वेतन, भरती आणि बदल्या यांवर लढल्या, ते योग्यच होते. शिक्षणाचा प्रश्न मात्र आपण मेट्रनच्या कार्यालयावर सोडून दिला.

निवेदनाचा कच्चा मसुदा तयार केला आहे. पगारी शिक्षण-रजा, कंपन्यांच्या पैशाला बंदी आणि वॉर्डातील तासांची गणना या तीन मागण्या त्यात आहेत. भाषा माझी, प्राध्यापकी आहे, ती आपण निःसंकोच बदलावी. प्रती मागच्या बाकावर ठेवल्या आहेत. रात्रपाळीच्या भगिनींना त्या आधी द्या, त्यांना साडेसातला निघावयाचे आहे.