दुबईच्या शाळेत पहिली नोकरी



बी.एड. झालं, पुण्या-मुंबईत दोन-तीन वर्षं शिकवून झालं, की बऱ्याच तरुण शिक्षकांच्या डोक्यात आखात घोळू लागतं. कुणाची मावसबहीण तिकडे असते, कुणाची वर्गमैत्रीण. मोबाइलवर जाहिराती तर रोज येतात. त्यांतली कुठली नोकरी भरवशाची, हे कसं ओळखायचं ते आज सांगते. उदाहरण दुबईचं घेते, कारण तिथल्या शाळांची बरीच माहिती घरबसल्या वाचता येते.

माझा ठोकताळा साधा आहे. जी शाळा तुम्हाला नीट पारखून घेते, ती बहुधा विश्वासाची. शिक्षक नेमायचा म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती मुलं सोपवायची. म्हणून चांगली शाळा तुमच्या आधीच्या मुख्याध्यापकांशी स्वतः बोलते, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागते, दोन नोकऱ्यांच्या मधे वर्षभर काय करत होता हे विचारते, डेमो लेसन घ्यायला लावते. उमेदवारांना याचा वैताग येतो. पण व्हॉट्सॲपवर पंधरा-वीस मिनिटं बोलून कुणी संध्याकाळी ‘अभिनंदन’ म्हणालं, तर एक विचार करा. ज्यांनी तुमची चौकशी केली नाही, त्यांनी तुमच्या शेजारच्या वर्गावरच्या माणसाची तरी कुठे केली असणार?

आता आपण शाळेला पारखायचं. दुबईत खासगी शाळांवर ‘केएचडीए’ या सरकारी संस्थेची देखरेख असते. तिने २००८पासून शाळांची तपासणी करून अहवाल जाहीर केले आहेत. ‘आउटस्टँडिंग’पासून ‘व्हेरी वीक’पर्यंत श्रेणी असतात. पालक ती श्रेणी बघतात आणि पान मिटतात. तुम्ही मात्र अहवालात आणखी एक आकडा दिलेला आहे का ते बघा: टीचर टर्नओव्हर, म्हणजे वर्षाला किती टक्के शिक्षक शाळा सोडून जातात. आखातात माणसं येतात-जातात, त्यामुळे थोडी गळती असायचीच. पण जिथे तीन शिक्षकांमागे एक दरसाल निघून जातो, तिथे काहीतरी बिनसलेलं आहे. मुलाखतीत ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ असं म्हणतात ना, तेव्हा हेच विचारा. गेल्या वर्षी सोडून गेलेल्या एखाद्या शिक्षकाशी बोलता येईल का, तेही विचारा. चांगला मुख्याध्यापक या प्रश्नाने रागावत नाही. अहवाल कुठल्या सालचा आहे तेवढं मात्र बघा, कारण व्यवस्थापन बदललं की शाळा बदलते.

‘इंटरनॅशनल’ या पाटीवर जाऊ नका. ती आपल्याकडे तालुक्याच्या गावीही लागलेली असते! शाळा आयबीची (इंटरनॅशनल बॅकलॉरिएटची) म्हणवत असेल, तर आयबीच्या संकेतस्थळावर तिचं नाव शोधा. ती नुसती ‘कँडिडेट’ शाळा असेल, तर मान्यता अजून मिळालेली नाही असं समजा. केंब्रिजच्या आणि सीबीएसईच्या शाळाही अशाच तपासता येतात. पहिल्या नोकरीला मला स्वतःला आखातातली सीबीएसईची शाळा बरी वाटते. पगार ब्रिटिश किंवा आयबी शाळेपेक्षा साधारणपणे कमी असतो, पण अभ्यासक्रम ओळखीचा असतो आणि नव्या देशात रुळायला उसंत मिळते.

पैशांविषयी मात्र मी जराही ढिलाई करणार नाही. दुबई ज्या संयुक्त अरब अमिरातीत आहे, तिच्या २०२१च्या श्रमकायद्यानुसार भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो, तो कर्मचाऱ्याकडून वसूल करता येत नाही. ‘व्हिसाचे पैसे आधी भरा’ असा निरोप आला, की तिथेच थांबा. आपल्याकडचा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला हवा. ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याचं नाव सापडतं. आपल्याकडच्या नियमानुसार त्याला तुमच्याकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. आणखी एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. दहावी न झालेल्या मजुराला आखातात नोकरीला जाताना सरकारची परवानगी लागते, त्या निमित्ताने त्याचे कागद कुणीतरी डोळ्यांखालून घालतं. पदवीधर शिक्षकाला ती परवानगी लागत नाही, त्यामुळे त्याचा करार कुणीच बघत नाही. ‘आत्ता व्हिजिट व्हिसावर या, मग बदलून देऊ’ या बोलण्याला म्हणूनच शिकलेली माणसं फसतात. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे बेकायदा आहे.

करार हाती आला की आधी मूळ पगार बघा. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांच्या मूळ पगाराइतकी असते, भत्ते त्यात धरत नाहीत. एकूण आकडा मोठा आणि मूळ पगार चिमूटभर, अशी मांडणी बऱ्याच करारांत असते. जुलै-ऑगस्टच्या सुट्टीचा पगार मिळणार का, हे लेखी घ्या. घरभाडं हातात मिळणार असेल, तर लक्षात ठेवा: भत्ता महिन्याला येतो, पण दुबईत घरमालक वर्षाचं भाडं एक, दोन किंवा चार चेकमध्ये मागतात. पहिल्या पगाराआधीच हा खड्डा पडतो. शाळा आगाऊ रक्कम देते का, विचारायला लाजू नका. ज्या भगिनी यजमानांच्या व्हिसावर आधीच तिथे आहेत, त्यांना शाळा ‘लोकल हायर’ म्हणून घेतात, त्यात घर आणि विमानाचं तिकीट बहुतेक वेळा नसतं. बाकीचा पगार त्या हिशेबाने मागावा.

ऑगस्टअखेर-सप्टेंबरला सुरू होणाऱ्या शाळांची बरीचशी भरती डिसेंबर ते मार्चमध्ये होते. भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, त्यांची हालचाल त्याहून आधी. अमिरातीसाठी पदवीच्या प्रमाणपत्रावर आधी राज्याचं, मग परराष्ट्र मंत्रालयाचं आणि नंतर त्यांच्या दूतावासाचं ॲटेस्टेशन लागतं, त्यात आठवडे जातात. पोलिसांचा दाखला पासपोर्ट कार्यालयाकडून मिळतो. तो मात्र नेमणूक दिसू लागल्यावरच काढा, कारण जुना दाखला चालत नाही. आणि पदवीदान समारंभाला न गेल्यामुळे ज्यांचं मूळ प्रमाणपत्र अजून विद्यापीठातच पडून आहे, त्यांनी अर्ज करण्याआधी ते आणावं.