आधी फोन, मग गोळी

दुबई, शारजा, अबुधाबी, अल ऐन, जिथे असाल तिथल्या मराठी मंडळींनो, मी एक सिस्टर बोलते आहे.

अबुधाबीत २०२० साली अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यासाठी देश सोडून जावंच लागेल, असं आता राहिलं नाही. पण डिस्चार्ज मिळाला की पुढची शुश्रूषा घरच्यांच्याच हाती असते. त्यांना आज एकच सांगायचं आहे: ताप आला तर गोळी देऊ नका. आधी वॉर्डला फोन करा.

का? ज्वारीचं शिवार डोळ्यांपुढे आणा. रात्री डुकरं घुसली की माळ्यावरचे राखणदार धावतात, हाणामारी होते, चार ताटं आडवी होतात. शरीरातली ही झटापट म्हणजे सूज, लाली, पू. राखणदार घडवणारी मज्जाच थकली की ते उरत नाहीत. हे राखणदार, म्हणजे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी, रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये ५०० च्या खाली गेल्या, तर जखम वरून स्वच्छ दिसते. झटापटच नाही, तर खुणा कुठून दिसणार? माळ्यावर एक म्हातारा तेवढा उरतो. त्याच्याने पळवत नाही, पण तो ओरडतो. ते ओरडणं म्हणजे ताप. तुम्ही पॅरासिटामॉल देता तेव्हा म्हाताऱ्याचं तोंड बांधता. डुकरं चरतच राहतात.

आणखी एक. आपल्या डोक्यात फॅरनहाइटचा शंभर आकडा बसलेला, इथला थर्मामीटर सेल्सिअस दाखवतो. ३८ म्हणजे १००.४. आकडा लहान वाटतो, म्हणून घरात ‘बघू सकाळी’ म्हणतात. बाबांनो, सकाळची वाट कसली बघता? अशा रुग्णाला दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं. रात्री दोनला फोन करायचा संकोच वाटतो ना? नको वाटू देऊ. त्यासाठीच आम्ही रात्रपाळीला जाग्या असतो. हुडहुडी भरली, धाप लागली, चक्कर आली, तर थेट ९९८, रुग्णवाहिका.

गावाहून आणलेला औषधांचा डबाही तपासा. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल असतंच. अंगदुखीच्या काही गोळ्या रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्सच्या कामात अडथळा आणतात, तेव्हा त्याही विचारल्याशिवाय नकोत.

भेटायला येणाऱ्यांनी साबणाने हात धुवावेत, सर्दी-खोकला असेल तर घरूनच विचारपूस करावी. राग मानू नका, रुग्णाच्या सुनेला किंवा मुलाला तुम्हाला दारातून परत पाठवण्याची वेळ आणू नका.

तेव्हा वॉर्डचा नंबर आजच फ्रिजवर चिकटवा. आणि पुन्हा सांगते, ३८ दिसलं की आधी फोन. गोळी द्यायची की नाही, ते आम्ही सांगू.