जहाजावरचा नाताळ आणि किनाऱ्यावरचे आपण

एकतीस डिसेंबरच्या मध्यरात्री मुंबई बंदरातली जहाजं एकदम भोंगे वाजवतात. करंजा-उरणच्या माणसाला तो आवाज लहानपणापासून ठाऊक असतो. त्या जहाजांवरच्या माणसांनी आठवडाभरापूर्वीचा नाताळ कसा काढला असेल, हा विचार मात्र आपल्या मनात सहसा येत नाही. उरणशेजारचं न्हावा-शेव्याचं बंदर १९८९ साली सुरू झालं. वीस फुटी कंटेनरच्या मापाने मोजलं तर २०२४-२५ या एका वर्षात तिथे सुमारे ७३ लाख कंटेनरांची चढउतार झाली. जगभरच्या व्यापारी जहाजांवर फिलिपिनो खलाशी फार मोठ्या संख्येने असतात, आणि त्यांच्या देशात १६ डिसेंबरपासून नऊ दिवस पहाटेच्या मिस्सा होतात. अख्खं गाव अंधारातच चर्चच्या वाटेला लागतं. असा सण मागे ठेवून आलेली माणसं २५ डिसेंबरला आपल्या दाराशी उभी असतात. त्यांचं एकटेपण म्हणजे पत्करलेल्या नोकरीचं नशीब, असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. त्या एकटेपणाचा मोठा भाग किनाऱ्यावरच्या व्यवस्थेमुळे तयार होतो. तेव्हा तो कमी करण्याची जबाबदारीही किनाऱ्यावरच्यांची आहे.

याचा जुना पुरावा मुंबईतच सापडतो. धोबी तलाव, माझगाव या भागांत गोव्याच्या तारवटींच्या, म्हणजे जहाजावर काम करणाऱ्या गोवेकरांच्या, कुडी होत्या. काही आजही आहेत. एकेका गावाची एकेक कूड. एक जहाज सोडून दुसरं मिळेपर्यंत त्या गावचा माणूस तिथे अगदी थोड्या पैशांत राहायचा. ट्रंक ठेवायला जागा, भिंतीशी वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायची तेर्स, म्हणजे रोझरी. मुंबई परकी होती, घर लांब होतं, तरी सणाच्या दिवशी आपली भाषा बोलणारी माणसं भोवती असायची. हे सरकारने केलं नव्हतं. गावकऱ्यांनी वर्गणी काढून, नियम करून उभं केलं होतं. म्हणजे घरापासूनचं अंतर तेच राहूनही सणाचा दिवस वेगळा जाऊ शकतो. करंजाच्या कोळ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. बोट मासेमारीला कितीही लांब गेली असली तरी शिमग्याला ती बंदरात यायलाच हवी, अशी आपल्याकडची रीत. कंटेनर जहाजाला असा शिमगा नाही. बंदर २५ डिसेंबरलाही रात्रंदिवस चालतं.

आता कोणी म्हणेल, हातात फोन आहे, व्हिडिओ कॉलवर घरचं ताट दिसतं, मग अडचण कसली? फोनचं मोल मी कमी लेखत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराच्या ज्या दुरुस्तीने जहाजावर घरच्यांशी संपर्काची सोय देणं बंधनकारक केलं, ती २०२४ साली नाताळाच्या दोनच दिवस आधी, २३ डिसेंबरला, अमलात आली. ही मोठी गोष्ट आहे. पण फोनने काय साधत नाही, ते २०२० साली दिसलं. ‘जग आनंद’ या जहाजावरचे २३ भारतीय खलाशी त्या जूनपासून चीनच्या जिंगतांग बंदराबाहेर अडकून पडले. ‘अनास्तासिया’वरचे १६ जण काओफेदियनजवळ असेच अडकले. दोन्ही जहाजांच्या पोटात ऑस्ट्रेलियाचा कोळसा. तो उतरवून घेतला जाईना आणि कोविडच्या नियमांमुळे माणसं बदलता येईनात. घरच्यांशी संपर्क होता, पण घरी कधी जाणार याची तारीख नव्हती. ‘जग आनंद’ची माणसं सुटली ती २०२१च्या जानेवारीत, जपानला जाऊन. २०२०च्या अखेरीस जगभरात सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवरच होते. ‘साइन ऑफ’ची, म्हणजे जहाज सोडून घरी जाण्याची, तारीख ठरलेली असली तर खलाशी नाताळ पुढच्या वर्षावर टाकू शकतो. तारीखच नसली की सणाचा दिवस अंगावर येतो. सलग नोकरी बारा महिन्यांच्या आत संपली पाहिजे, असं सागरी कामगार करार सांगतो, आणि भारताने तो २०१५ साली मान्य केला आहे. म्हणून हा नियम पाळला जातो की नाही, हे पाहणं हेही नाताळाचंच काम आहे, असं मी मानतो.

तारखेनंतर येते ती जमीन. खलाशाला बंदरात उतरू द्यावं, हा ‘शोअर लीव्ह’चा हक्कही त्याच करारात आहे. त्यावर सुरक्षेचा आक्षेप घेतला जातो, आणि तो खोटा नाही. न्हावा-शेव्यासारखं बंदर, शेजारी नौदल, तेल-वायूचे प्रकल्प. कोणालाही मोकळं फिरू देता येणार नाही. पण २००४पासून लागू असलेली जहाज आणि बंदर सुरक्षेची आंतरराष्ट्रीय संहिताच असं सांगते की खलाशांना किनाऱ्यावर जाणं सोपं करण्याची पद्धत बंदराच्या सुरक्षा आराखड्यात असली पाहिजे. म्हणजे सुरक्षा आणि शोअर लीव्ह एकाच कागदावर लिहिलेल्या आहेत. खरी अडचण वेळेची आहे. जहाज धक्क्याला जेमतेम दिवसभर असतं, त्यात खलाशाची पाळी, आणि क्रेनखालून पायी जायला मनाई. शिवडीहून समुद्रावरून २१.८ किलोमीटरचा अटल सेतू आपण इथवर आणला. धक्क्यापासून गेटपर्यंतचं अंतर मात्र वाहन मिळालं नाही तर खलाशाला ओलांडता येत नाही. तीन मोकळे तास असले आणि त्यातले दोन पास आणि गाडीची वाट पाहण्यात गेले, तर तो हक्क कागदावरच राहतो.

उरलेले दोन आक्षेप माझ्या मते हलके आहेत. पगार डॉलरमध्ये मिळतो, त्यांनी स्वतःहून ही नोकरी निवडली, हे खरं. पण पगार कामाचा असतो, त्यात शोअर लीव्हचा हक्क विकला जात नाही. दुसरा आक्षेप, हा आपला सण नाही. उरणमध्ये चर्च आहे, आणि पलीकडे कोर्लईत ख्रिस्ती वस्ती पोर्तुगीज काळापासून आहे, तेव्हा तो अगदीच परका नाही. तो परका मानला तरी रत्नागिरी-रायगडच्या किती घरांतला मुलगा गौरी-गणपतीला किंवा ईदला रॉटरडॅम नाहीतर सिंगापूरच्या धक्क्यावर असतो. तिथल्या लोकांनाही तो सण आपला नसतो. तरी १८५६पासूनची ‘मिशन टू सीफेअरर्स’ किंवा ग्लासगोत १९२० साली सुरू झालेली ‘स्टेला मारिस’ यांसारख्या ख्रिस्ती संस्थांची माणसं अशा बंदरांत जहाजावर चढतात आणि खलाशाचा धर्म न विचारता त्याला गाडीतून गावात नेतात. आपल्याकडेही येत्या २४ डिसेंबरला न्हावा-शेव्याच्या धक्क्यापासून उरणच्या चर्चपर्यंत आणि परत अशी एक बस हवी. तिच्यासाठी बंदर, इमिग्रेशन आणि चर्च यांनी महिनाभर आधी एकत्र बसायला हवं. आणि मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर गरम जेवण देणारी दहा घरं उरण-करंजात मिळतील, याची मला खात्री आहे.