ओव्हनची निगा आणि हातांची काळजी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या महिला मेळाव्यातील भाषण)



दानशूरांचे स्मरण करावयाच्या समारंभात ओव्हन घासण्याची गोष्ट काढणे काहींना विजोड वाटेल. पण आपल्या बडोद्याची परंपरा निराळी आहे. १९४९ साली येथे महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, श्रीमती हंसाबेन मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या, आणि त्यांच्या कारकिर्दीत गृहविज्ञानाची शाखा उभी राहिली. स्वयंपाकघर हाही अभ्यासाचा विषय आहे, हे या शहराने तेव्हाच मान्य केले. तेव्हा आम्ही निःसंकोचपणे बोलतो.

आज आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी विजेचा ओव्हन आहे. नानकटाई, केक आणि शेजाराकडून शिकलेला हांडवो त्यात होतो. तूप-तेलाचे शिंतोडे आतल्या पत्र्यावर उडतात आणि प्रत्येक वेळी भाजून भाजून त्यांचा कडक, तपकिरी थर बनतो. तो साबणाने निघत नाही. मग बाजारातील फवारा आणला जातो. अशा अनेक फवाऱ्यांत कॉस्टिक सोडा असतो. तो जळक्या चरबीचा साबण करून टाकतो, म्हणून काम झटपट होते. परंतु आपल्या कातडीतही स्निग्धांश आहे आणि डोळा तर फारच नाजूक. फवाऱ्याचे तुषार श्वासाबरोबर घशात जातात ते निराळेच.

येथे आम्हास एक प्रश्न विचारावासा वाटतो. ओव्हन आपला, नानकटाई आपली. पण तो घासणारे हात कोणाचे? बहुतेक घरी ते कामाला येणाऱ्या बाईचे असतात. डब्यावरील बारीक अक्षरांतील सूचना तिला कोणी वाचून दाखवीत नाही. हातमोजेही देत नाही. धर्मादाय संस्थेच्या सभासदांनी दानधर्माचा आरंभ येथूनच करावयास नको काय?

उपाय सोपा आहे, मात्र त्याला एक रात्र द्यावी लागते. प्रथम नावांचा घोटाळा टाळू या. खाण्याचा सोडा निराळा, धुण्याचा सोडा त्याहून तीव्र, आणि कॉस्टिक सोडा सर्वांत दाहक. आपणांस हवा तो खाण्याचा. बेकिंग पावडर येथे उपयोगी नाही. तिच्यात आम्ल पदार्थ आणि पीठही मिसळलेले असते.

ओव्हन पूर्ण थंड होऊ द्यावा व प्लग काढून ठेवावा. जाळी आणि ताटे बाहेर काढून भांड्याच्या साबणाच्या कढत पाण्यात भिजत घालावी. अर्धी वाटी सोड्यात तीन-चार चमचे पाणी घालून लेप कालवावा आणि तळाला, बाजूंना व दाराच्या काचेला आतून लावावा. तापणाऱ्या सळया, पंख्याची जागा, हवेची भोके आणि दाराचे रबर मात्र सोडावे. सकाळी लेप वाळलेला असेल. ओल्या फडक्याने तो पुसावा. चिकट जागा लाकडी उलथन्याने हलकेच खरवडाव्या. सोडा सौम्य अल्कली असल्याने तेलकट थर सैल करतो, आणि त्याचे कण काचेहून मऊ असल्याने ओरखडे पाडीत नाहीत. जुना थर एका रात्रीत गेला नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा लेप द्यावा. घाई करून तारेची घासणी फिरवू नये.

शेवटी पांढरी पूड राहिली तर पाण्यात थोडे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालून त्या फडक्याने पुसावे. काही भगिनी सोडा आणि व्हिनेगर आधीच एकत्र करतात. फेस येतो, मौज वाटते. पण दोन्ही एकमेकांना मारतात आणि उरते ते जवळजवळ खारट पाणी. म्हणून आधी सोडा, मागून आम्ल, हा क्रम पाळावा. ॲल्युमिनियमच्या ताटांना मात्र सोडा लावू नये, ती काळी पडतात. त्यांना साबणाचे कढत पाणी पुरे. प्लग लावण्यापूर्वी आतील भाग पूर्ण कोरडा करावा.

दोन धोके ध्यानी धरावे. कपडे पांढरे करण्याचे ब्लीच आम्लात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. आणि कोणाच्या डोळ्यांत कॉस्टिकचा थेंब गेलाच, तर लिंबू-व्हिनेगर न घालता स्वच्छ पाण्याने वीस मिनिटे डोळा धूत राहावे व तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.

सर्वांत उत्तम उपाय म्हणजे थर जमूच न देणे. काही सांडले, तर ओव्हन कोमट असतानाच त्यावर मीठ भुरभुरावे आणि थंड झाल्यावर प्लग काढून पुसून घ्यावे. हे काम दोन मिनिटांचे आहे, आणि ते ज्याने खाल्ले त्यानेच करावे. पुरुष मंडळींनाही त्यातून सूट नाही!

पन्नास वर्षे ही संस्था शिष्यवृत्त्या देत आली, आजाऱ्यांना औषधपाणी पुरवीत आली. ज्यांची नावे आपल्या वह्यांत नाहीत, अशा हातांचीही तिने आठवण ठेवावी, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.