आजाऱ्याला विचारले का?



मी सातवी शिकलेली बाई, डॉक्टरकीतले मला काय कळणार! पण खर्रा खाण्याचा नाद आणि त्यापायी होणारा तोंडाचा कॅन्सर आपल्या नागपूरकरांना नवा नाही, म्हणून चार शब्द बोलते.

रोग हाताबाहेर गेला असे डॉक्टरांनी सांगितले की नातलग म्हणतात, "वावर विका, पण ती नवी इम्युनोथेरपी कराच." शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच रोगावर सोडणारे हे औषध, पण भारी महाग. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने तोंड-घशाच्या अशा १५१ रोग्यांवर प्रयोग केला. काहींना नुसत्या केमोच्या गोळ्या, बाकीच्यांना गोळ्यांबरोबर या औषधाचे इंजेक्शन, तेही नेहमीच्या मात्रेच्या दशांशाहून कमी. २०२२ साली निकाल छापून आला. वर्षाअखेर नुसत्या गोळ्यांवरचे शंभरात १६ हयात, इंजेक्शनवाले ४३. केवढा फरक! तरी ५७ गेलेच, हेही ऐकून ठेवावे.

प्रयोगात घ्यायचे तर रोग्याची लेखी संमती लागते, व ती केव्हाही मागे घेता येते. घरच्या बैठकीत मात्र त्याला कोणी विचारीत नाही.

आमच्या थोरल्या जाऊबाई आत निजलेल्या आणि बाहेर वावराचा भाव चाललेला. मीच आत जाऊन विचारले. त्या म्हणाल्या, "वावर पोरांना राहू द्या. माझे दुखणे तेवढे थांबवा." शेजारच्या एकीने उलट मुंबई गाठली, तेही तिने स्वतःच ठरविले. जाऊबाईंना डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. पुष्कळ दिवसांनी त्या रात्रभर झोपल्या. गोळी वेळेवर देण्याचे काम माझ्याकडे होते.